काळाची मोजणी आणि आजचा दिवस

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



घरात सत्यनारायण असो वा देवळात अभिषेक असो, गुरुजी पूजेच्या आरंभी संकल्प सांगतात. यजमान पळीभर पाणी ताम्हनात सोडतो आणि पुढे काय करायचे म्हणून गुरुजींच्या तोंडाकडे पाहतो. संकल्पात काय सांगितले, याकडे बहुधा कोणाचे लक्ष नसते. वस्तुतः त्यात लक्ष देण्यासारखे पुष्कळ आहे. टपालाच्या पाकिटावर जसे नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहावे लागते, तसा संकल्पात पूजा करणारा आपला काळाचा पत्ता सांगतो. श्वेतवाराह नावाचा कल्प, त्यातील वैवस्वत मन्वंतर, त्यातील अठ्ठाविसावे कलियुग, त्याचा पहिला चरण, मग शालिवाहन शक, संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी आणि वार. त्याबरोबर जागाही सांगितली जाते. दंडकारण्याचे नाव येते, गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण आहोत तेही येते.

हा पत्ता केवढा मोठा आहे पाहा. पुराणांच्या हिशेबाने एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. त्यात चौदा मन्वंतरे. चार युगांची मिळून एक चौकडी ४३ लाख २० हजार वर्षांची आणि त्यातले कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचे. हे कलियुग इसवी सनापूर्वी ३१०२ या वर्षी लागले असे ज्योतिषी मानतात. म्हणजे त्यातली पाच हजारांवर थोडी वर्षे झाली आणि बाकीची सारी शिल्लक आहेत. एवढ्या अफाट पसाऱ्यात एका दिवसाची ती काय किंमत? समुद्रातला एक थेंब. तरीही संकल्प कल्पापासून निघतो आणि आजच्या तिथीवर, आजच्या वारावर येऊन थांबतो. तिथवर आल्याशिवाय पूजेला आरंभ होत नाही.

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. जगातील निरनिराळ्या लोकांनी गेलेला काळ आणि चालू दिवस यांच्याकडे कसे पाहिले, आणि त्यातून गावाने काय घ्यावे, याचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

प्रथम दूर जाण्याचे कारण नाही. एकाच गावात एकाच वेळी किती वर्षे चालू असतात ते मोजून पाहावे. गुढीपाडव्याला शालिवाहन शकाचे नवे वर्ष लागते. मराठवाडा-विदर्भाकडे सालगड्याचे सालही पाडव्यालाच ठरते. शेतकऱ्याचे खरे वर्ष मृग नक्षत्रावर सुरू होते. व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन करतो. तलाठ्याच्या दप्तरातले महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. बँकेचे व सोसायटीचे वर्ष १ एप्रिलला लागते. शाळेचे जूनमध्ये. भिंतीवरचे कॅलेंडर १ जानेवारीला बदलते. मुसलमान बांधवांचे हिजरी वर्ष मोहरमपासून चालू होते. ही सारी वर्षे एकाच वेळी गावात नांदतात आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. कर्ज फेडायचे कधी, पेरायचे कधी आणि उपवास धरायचा कधी, हे ज्याला त्याला बरोबर ठाऊक असते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. सूर्य-चंद्र सर्वांना सारखेच दिसतात. पण वर्षाचा आरंभ कोठे धरायचा हे माणसे आपल्या कामावरून आणि आपल्या श्रद्धेवरून ठरवतात. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे. आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांनी हा फरक भरून काढण्यासाठी सुमारे बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास घातला. म्हणून दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही. हिजरी गणनेत अधिक मास नाही. म्हणून रमजान सर्व ऋतूंमधून फिरत सुमारे तेहेतीस वर्षांनी मूळ जागी येतो. एकाने सण आणि ऋतू यांची सांगड राखली, दुसऱ्याने निव्वळ चंद्राचा हिशेब राखला. दोघांचेही गणित आपापल्या जागी चोख आहे.

आता भाषेकडे वळू. मराठीत आपण 'मागे एकदा असे झाले' म्हणतो आणि 'पुढे काय होईल कोण जाणे' म्हणतो. म्हणजे झालेले ते पाठीमागे आणि व्हायचे ते समोर, अशी आपली समजूत. ही समजूत साऱ्या जगाची असेल असे वाटते. पण तसे नाही. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया, पेरू आणि चिली या देशांच्या डोंगराळ भागात आयमारा नावाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेत 'समोर' आणि 'डोळा' या अर्थाचा जो शब्द, तोच भूतकाळाचा. आणि 'पाठ' या अर्थाचा जो शब्द, तो भविष्याचा. तिकडचे म्हातारे लोक पूर्वजांविषयी बोलताना हात पुढे करतात आणि उद्याविषयी बोलताना खांद्यावरून पाठीमागे दाखवतात. न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या भाषेतही गेलेल्या दिवसांना 'समोरचे दिवस' असेच म्हणतात. क्षणभर विचित्र वाटते. पण विचार केला म्हणजे पटते. जे घडले ते पाहिलेले असते, म्हणून ते डोळ्यांसमोर. जे घडायचे आहे ते कोणीच पाहिलेले नाही, म्हणून ते पाठीमागे.

आपल्या भाषेतही असा एक शब्द रोजच्या वापरात आहे आणि त्याचे नवल कोणाला वाटत नाही. तो शब्द 'परवा'. परवा बाजार झाला आणि परवा लग्न आहे, दोन्हीकडे शब्द एकच. कालच्या पलीकडचा दिवस असो की उद्याच्या पलीकडचा, आजपासून दोन पावले दूर, एवढेच तो सांगतो. आज मध्ये उभा आहे आणि दोन्हीकडे सारखेच अंतर आहे, हा हिशेब त्या साध्या शब्दात आहे.

पुष्कळ पुस्तकांतून असे लिहिलेले आढळते की, पौर्वात्य लोक काळ चक्रासारखा फिरतो असे मानतात आणि पाश्चात्य लोक तो सरळ रेषेत जातो असे मानतात. हे अर्धेच खरे आहे. ख्रिस्ती गणना येशूच्या जन्मापासून, हिजरी गणना पैगंबरांनी इसवी सन ६२२ साली मक्का सोडून मदिनेस प्रयाण केले तेथून, आणि ज्यू लोकांची गणना सृष्टीच्या उत्पत्तीपासून. या तिन्हींत काळ एका ठिकाणाहून निघाला आणि पुढे चालला आहे, हे खरे. तथापि त्यांचे सण-वार दर वर्षी फिरून येतातच. उलट आपल्याकडे युगांचे चक्र आहे, प्रभव ते क्षय अशा साठ संवत्सरांचे चक्र आहे, वारांचे चक्र आहे. पण त्याच्याच शेजारी शालिवाहन शकाचा आकडा इसवी सन ७८ पासून एकेकाने वाढत आला आहे आणि तो मागे कधी फिरत नाही. ज्या माणसाला साठ वर्षे पुरी झाली त्याची साठीशांत करतात, कारण त्याच्या जन्माचे संवत्सर फिरून आले. पण संवत्सर फिरून आले म्हणून माणूस काही पुन्हा पाळण्यात जात नाही. चक्र आणि रेषा दोन्ही एकत्र धरूनच संसार चालतो.

मध्य अमेरिकेतील माया लोकांनीही असेच केले होते. त्यांच्याकडे २६० दिवसांचे एक चक्र, ३६५ दिवसांचे दुसरे, आणि त्याखेरीज एक लांब गणना होती. ही गणना इसवी सनापूर्वी ३११४ पासून एकेक दिवस मोजत येई. तिचा एक मोठा टप्पा २१ डिसेंबर २०१२ रोजी पुरा झाला, तेव्हा जगबुडी होणार अशी आवई जगभर उठली होती. वर्तमानपत्रे भरली, सिनेमा निघाला. पण त्याच माया लोकांच्या पालेंके येथील देवळात एक कोरीव लेख आहे. त्यात त्यांच्या राजाच्या राज्यारोहणाची तिथी फिरून येईल असा जो पुढचा दिवस कोरला आहे, तो इसवी सन ४७७२ मधला आहे. त्यांना जगाचा शेवट दिसत नव्हता. टप्पा संपून मोजणी पुढे चालू राहील हे ते जाणून होते. दुसऱ्याचे पंचांग न वाचता त्याचे भविष्य सांगू नये, एवढाच त्यातला बोध.

काळाची मोजणी नुसती ज्योतिषाची बाब नसते, ती सत्तेचीही असते. शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि त्या दिवसापासून राज्याभिषेक शक सुरू झाला. तोवर मुलखात दुसऱ्यांचे सन चालत होते. स्वतःचा शक सुरू करणे म्हणजे, आमचा काळ आम्ही मोजू, असे जाहीर करणे होय. तरीही गंमत अशी की, मराठी राज्याच्या कागदांतून राज्याभिषेक शक आला तरी अरबी आकड्यांचा शुहूर सन गेला नाही. सलास, अर्बा, खमस असे आकडे मराठी पत्रांतून पुढेही शंभरावर वर्षे लिहिले गेले. तो सन मृग लागला की बदले, म्हणून त्यास मृगसाल म्हणत. नाव अरबी, पण शेतीच्या कामाला सोयीचा, म्हणून टिकला.

जपानात आजही सम्राट गादीवर आला की नवे युगनाम लागते. १९८९ साली हेइसेई लागले. १ मे २०१९ पासून रेइवा लागले. तेथे १८७३ पासून इंग्रजी तारखा चालतात, तरी सरकारी अर्जावर जन्मसाल राजाच्या युगाप्रमाणे लिहिण्याची रीत राहिली आहे.

याच्या उलट फ्रान्सचे उदाहरण. तेथे राज्यक्रांती झाल्यावर नव्या राज्यकर्त्यांनी १७९३ साली जुने कॅलेंडरच रद्द केले. २२ सप्टेंबर १७९२ हा पहिल्या वर्षाचा पहिला दिवस ठरला. महिन्यांना ऋतूंवरून नवी नावे दिली. सात दिवसांचा आठवडा मोडून दहा दिवसांचा केला. म्हणजे कष्टकऱ्याला सातव्या दिवशी मिळणारी विश्रांती दहाव्या दिवसावर गेली. बाजार चुकले, सण चुकले, माणसे कुरकुरू लागली. १८०५ अखेर तो प्रयोग गुंडाळावा लागला. हुकुमाने साल बदलता आले, पण माणसांच्या अंगवळणी पडलेला वार बदलता आला नाही.

वाराची पकड किती घट्ट असते याचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्रायल मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. भाषा मराठी, पेहराव मराठी, धंदा तेलाच्या घाण्याचा. पण शनिवारी ती घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आपल्या धर्मबांधवांपासून हजारो मैल दूर राहूनही त्यांनी आठवड्यातला एक दिवस सोडला नाही, आणि त्या एका दिवसाने त्यांची ओळख राखली.

'आत्ता किती वाजले' हा तर सर्वांत साधा प्रश्न. परंतु त्याचेही उत्तर सगळीकडे एक नव्हते. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईची आपली स्थानिक वेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटांनी मागे होती. मुंबईकरांनी सरकारी घड्याळाला विरोध केला आणि 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकवून धरला. एकाच शहरात रेल्वेचे घड्याळ एक वेळ दाखवी आणि दुसरीकडचे दुसरी. लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त कोणत्या घड्याळाचा, हे विचारून घ्यावे लागे. स्वातंत्र्यानंतर सरकारने पंचांगांतला गोंधळही मिटवू पाहिला. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीप्रमाणे २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय शक दिनदर्शिका अमलात आली. ती भारताच्या राजपत्रावर छापली जाते; पण घरातली एकादशी आणि संकष्टी आजही जुन्या पंचांगावरूनच पाहतात.

एवढे सर्व पाहिल्यावर एक जुना आक्षेप विचारात घ्यावा लागतो. गझनीच्या महमुदाच्या काळात अल्बेरुनी नावाचा मोठा विद्वान या देशात आला होता. सुमारे १०३० साली लिहिलेल्या ग्रंथात त्याने तक्रार केली आहे की, येथील लोक घटनांच्या क्रमाकडे फारसे लक्ष देत नाहीत आणि खोदून विचारले की कथा सांगू लागतात. पुढे इंग्रज ग्रंथकारांनी हीच गोष्ट अधिक तिखट करून सांगितली. हा आक्षेप कितपत खरा?

याला एक उत्तर अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे. ते मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले असे लोक सांगत आले. परंतु त्याच मंदिरावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ सांगणारा शिलाहार राजाच्या वेळचा शिलालेख आहे. म्हणजे बांधणाऱ्यांनी साल लिहून ठेवले होते. नंतरच्या लोकांना ते वाचता येईनासे झाले, आणि जेथे वाचन खुंटले तेथे पांडव आले. महाराष्ट्रात जुने काळ्या दगडाचे देऊळ दिसले की ते पांडवांचे तरी असते, नाही तर हेमाडपंतांचे तरी. हेमाडपंत तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचे मंत्री होते. कितीही झाले तरी एका माणसाला एवढी देवळे बांधणे शक्य नव्हते. गावाने ज्याची नोंद हरवली ते सारे त्यांच्या नावावर जमा झाले.

दुसरे उत्तर पंढरपूरला आहे आणि ते या सभेच्या अगदी जवळचे आहे. विठ्ठलमंदिरात चौऱ्यांशीचा लेख म्हणून एक शिलालेख आहे. त्या शिळेला पाठ घासली म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची समजूत होती आणि हजारो पाठी तिला घासून गेल्या. त्या शिळेवर लिहिले आहे काय? शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७, या काळात देवस्थानाला ज्यांनी दान दिले त्यांची ती यादी आहे. रामदेवराव यादवांचे नाव तीत आहे, हेमाडपंतांचे आहे, आणि ज्यांच्याविषयी दुसरीकडे एक अक्षरही सापडत नाही अशा साध्या भक्तांची नावेही आहेत. साडेसातशे वर्षे होत आली. राजाचे नाव इतर लेखांतूनही कळले असते. साध्या माणसाचे नाव मात्र त्या एका दगडामुळेच राहिले. आता कोणी म्हणेल, पाठ घासणारा वारकरी खरा की लेख वाचणारा संशोधक खरा? दोघांच्याही दृष्टीने तो दगड मोलाचा होता. पण एक गोष्ट विसरता येणार नाही की, पाठी घासून अक्षरे झिजतात.

तिसरे उदाहरण शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे. बखरींवरून पूर्वी शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी धरीत. पुढे भोर भागातील जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली उजेडात आली आणि लोकमान्य टिळकांनी ती प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद होती. शकावली म्हणजे काही मोठा ग्रंथ नव्हे. अमुक शकात, अमुक तिथीला, अमुक घडले, अशा कोरड्या ओळी. पण एका घराण्याने अशा ओळी लिहून जपल्या, म्हणून केवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल लागण्यास आधार मिळाला. आज शासकीय जयंती त्याच तारखेला होते.

आणि जेथे लिहिले नाही तेथे काय झाले तेही पाहावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुने मोडी कागद गोळा करीत. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड काढले. त्यांना आणि त्यांच्या मागून आलेल्या संशोधकांना एक अडचण वारंवार येई. पत्राखाली 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे तारीख आणि मुसलमानी महिना लिहिलेला असे. साल मात्र पुष्कळदा नसे. लिहिणारा आळशी नव्हता. ज्याला पत्र जायचे त्याला चालू साल ठाऊकच होते, मग लिहायचे कशाला? दीडदोनशे वर्षांनी ते पत्र तिसऱ्याच्या हाती पडेल, हे त्याच्या मनात आले नाही. त्या एका न लिहिलेल्या आकड्यासाठी पुढच्या विद्वानांनी आयुष्ये झिजवली.

यातच अल्बेरुनीच्या आक्षेपाचे खरे उत्तर आहे. या देशात काळाची जाण नव्हती असे नाही. कोटी कोटी वर्षांचा हिशेब होता, घटिका-पळांचा होता. उणीव होती ती एवढीच की, चालू दिवसाची नोंद करावी असे पुष्कळांना वाटले नाही, आणि ज्यांना वाटले त्यांची नोंद पुढच्यांनी जपली नाही. जो दिवस आपण जगतो तो सर्वांच्या ओळखीचा असतो, म्हणून तो लिहिण्याजोगा वाटत नाही. पन्नास वर्षांत तो कोणाच्याच ओळखीचा राहत नाही.

आता जपानच्या एका देवस्थानाची हकीगत सांगून विषय आटोपता घ्यावयाचा आहे, कारण ती जीर्णोद्धाराचीच आहे. तेथे इसे या ठिकाणी सूर्यदेवतेचे प्राचीन मंदिर आहे. मंदिर लाकडाचे, छप्पर गवताचे, खांब थेट जमिनीत पुरलेले. असे बांधकाम फार टिकत नाही. म्हणून दर वीस वर्षांनी ते सर्वच्या सर्व नव्याने बांधतात. शेजारी शेजारी दोन मोकळ्या जागा राखलेल्या आहेत. एकीवर जुने मंदिर उभे असताना दुसरीवर हुबेहूब तसेच नवे उभारतात आणि मग देवतेला तेथे नेतात. हा क्रम इसवी सन ६९० मध्ये सुरू झाला. मध्यंतरी यादवी युद्धांच्या धामधुमीत शंभराहून अधिक वर्षे खंड पडला, पण तो पुन्हा सुरू केला गेला. २०१३ साली बासष्टावी खेप झाली आणि पुढची २०३३ साली ठरलेली आहे.

मग ते मंदिर जुने म्हणावे की नवे? लाकूड वीस वर्षांचे, पण रीत तेराशे वर्षांची. वीस वर्षांचा हिशेबही विचाराचा आहे. पोरसवदा सुतार एका खेपेस हाताखाली शिकतो, पुढच्या खेपेस स्वतः काम करतो आणि तिसऱ्या खेपेस दुसऱ्यांना शिकवतो. असा हुन्नर एका हातातून दुसऱ्या हातात जातो. उतरवलेले लाकूड फेकून न देता देशातील इतर देवळांना देतात. लाकूड मिळावे म्हणून देवस्थानाने १९२३ साली दोनशे वर्षांची योजना आखून देवराईत झाडे लावण्यास आरंभ केला. ज्यांनी ती रोपे लावली त्यांना त्यांचा खांब झालेला दिसणार नव्हता, हे त्यांना माहीत होते.

आपली देवळे दगडाची आहेत. तेथे वीस वर्षांनी पाडून बांधण्याचा प्रश्न नाही, आणि जपानची नक्कल करण्याचेही कारण नाही. तेथे हातातला हुन्नर जपला, आपल्याला दगड जपायचा आहे. दोन्हीकडे मागून येणाऱ्यांची आठवण ठेवावी लागते. या दृष्टीने जीर्णोद्धाराचे काम करणाऱ्या कोणत्याही गावाने चार गोष्टी कराव्यात, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट, कामाचा दगड बसवताना त्यावर नुसते 'जीर्णोद्धार झाला' असे लिहून थांबू नये. शालिवाहन शक, संवत्सराचे नाव, महिना, तिथी, वार आणि इसवी सनाची तारीख ही सर्व कोरावीत. एक गणना पुढे लोकांना उमगेनाशी झाली तर दुसरीवरून ताळा पडेल. नुसते 'पाडव्याला' किंवा नुसते '१२ तारखेला' लिहिले, तर त्या साल नसलेल्या मोडी पत्रासारखी गत होईल.

दुसरी गोष्ट, पाथरवट, गवंडी, सुतार, लोहार आणि पाणी वाहणारे यांची नावे कोठे तरी लिहिली जावीत. आपल्या जुन्या देवळांच्या कारागिरांची नावे शोधून सापडत नाहीत. देणगीदारांच्या यादीतही मोठी रक्कम वर आणि लहान रक्कम गाळलेली असे होऊ नये. पंढरपूरच्या शिळेवर राजा आणि साधा भक्त एकाच यादीत आहेत.

तिसरी गोष्ट, जुन्या देवळाचे जे दगड निघतील, वीरगळ असतील, झिजलेल्या मूर्ती असतील, त्या पायात गाडू नयेत किंवा नदीत टाकू नयेत. एका बाजूला ओट्यावर सावलीत मांडून ठेवाव्यात. ज्या दगडावर अक्षरासारखे काही दिसेल त्यावर ऑइलपेंट, चुना किंवा सिमेंट फासू नये. आज वाचता येत नाही म्हणून ते कधीच वाचता येणार नाही असे नाही. गाभाऱ्याचे, शिखराचे आणि ओवऱ्यांचे फोटो काम सुरू होण्यापूर्वीच काढलेले असले तर उत्तम. नसल्यास ज्यांनी जुने देऊळ पाहिले आहे त्या वृद्धांकडून माहिती घेऊन ती लिहून काढावी. हे काम थांबण्यासारखे नाही.

चौथी गोष्ट, जमाखर्चाची वही आणि ही स्मरणिका यांची एकेक प्रत ग्रामपंचायतीत, शाळेत आणि वाचनालयात ठेवावी. हिशेब चोख असेल तर तो उघडा ठेवण्यास हरकत नसते, आणि पन्नास वर्षांनी एक पोते सिमेंट केवढ्याला मिळत होते व एका गवंड्याला दिवसाची मजुरी किती होती, हे वाचणाऱ्याला त्यातूनच या गावाचा काळ समजेल.

आयमारा लोकांच्या हिशेबाने पाहिले तर आपले वाडवडील आपल्यासमोर उभे आहेत आणि नातवंडे-पणतवंडे पाठीमागे येत आहेत. समोरच्यांचे ऋण कसे फेडायचे हे सर्वांना कळते. पाठीमागून येणारे मात्र दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी लिहून ठेवावे लागते. ही नावे, ही तिथी, हा खर्च आज सर्वांना तोंडपाठ आहे. ते पाठ आहे तोवरच दगडावर आणि कागदावर उतरवून घ्यावे, एवढी विनंती करून येथेच पूर्णविराम देण्यात येत आहे.

जय हिंद. जय महाराष्ट्र.